दक्षिणा कमिटी अजून बसलेलीच आहे



मी गोदीत माल ओढणारा माणूस. मॅट्रिक झालेला, कविता करणारा. नाट्यशास्त्र मला कळत नाही. पण मंचावरून कोण कुणाला खाली उतरवतो ते नीट कळतं, म्हणून लिहितोय.

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीला लागून आमची वस्ती. जयंतीसाठी वस्तीतल्या पोरांनी जोतीरावांचं 'तृतीय रत्न' बसवलं. दहा ते पंधरा वयाची पोरं. कुणाचा बाप मराठवाड्यातनं आलेला, कुणाचा बिहारातनं, दोघंतिघं इथलीच वारली. जुन्या मराठीतले लांब संवाद जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी नाटक गाण्यावर घेतलं. एक हलगी, एकाच्या आज्याचा तारपा आणि ढोल म्हणून उपडं घातलेलं पाण्याचं निळं पिंप. एवढाच वाद्यवृंद.

नाटक तुम्हाला माहीत असेल. गरोदर कुणबी बाईला जोशी ग्रहांची भीती घालतो. नवरा-बायको कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात, नागवले जातात. मधे मधे विदूषक लोकांना सांगत राहतो की बघा, कसं लुटतायत. पोरांनी हा विदूषक रॅप करणारा केला. च्यायला, आधी मलाच ते रुचलं नाही. मग लक्षात आलं, विदूषकाचं कामच ते. जोशी बोटं मोडत खर्च सांगतो, दर जिनसेला हलगीचा एक ठोका. तूप, ठोका. डाळ, ठोका. ठोके वाढत जातात, लय चढते. आधी बाया हसत होत्या. मग गप्प झाल्या. दर आठवड्याला कर्जाचा हप्ता भरणाऱ्या बायांना तो ठोका ओळखू आला.

हेच नाटक पोरांनी पालघरला एका स्पर्धेत नेलं. परीक्षकांनी अर्ध्यातच थांबवलं. म्हणे, संहितेची मोडतोड आहे, अभिजात नाटकात असला धिंगाणा चालत नाही.

अभिजात! मित्रांनो, या शब्दावर थुंकावंसं वाटलं. जोतीरावांनी हे नाटक १८५५ साली लिहिलं. वय अठ्ठावीस, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठे. दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं, कमिटीनं नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, हे त्यांनीच पुढं 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलंय. छापून यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे १२४ वर्षं नाटक अंधारात. ज्यांनी तेव्हा दार लावलं त्यांच्याच भाषेत आज त्याला अभिजात म्हणायचं, आणि त्याच नावानं आमच्या पोरांच्या तोंडावर पुन्हा दार लावायचं.

आणि मोडतोड म्हणजे काय? कालिदासाचं शाकुंतल अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली मराठीत आणलं, पदं घातली, साक्या-दिंड्या घातल्या. त्याला संगीत नाटक म्हणतात, मराठी रंगभूमीचं वैभव म्हणतात. साकी चालते, हलगी चालत नाही. हार्मोनियम चालतो, पिंप चालत नाही. हा कानाचा प्रश्न नाही, जातीचा आहे. आपल्याकडं तर ही रीतच जुनी. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, आत विचार भरला, जलसा उभा केला. पुढं भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार तसाच वस्त्यावस्त्यांत नेला. पोरांनी नवं काही पाप केलेलं नाही.

पण दुसऱ्यांना शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. एक कमिटी माझ्या डोक्यातही बसलेली होती. मूळ नाटकात ते जोडपं शेवटी जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेत जायला निघतं. पोरांनी शेवट बदलला. बाई शाळेच्या दारात पोचते, तेवढ्यात कंपनीचा भोंगा होतो. पिंपावरच तोंड धरून एक पोरगा भोंगा काढतो. रात्रपाळी. नवरा मधेच उभा, इकडं शाळा, तिकडं पाळी. तारपा वाजत राहतो आणि नाटक संपतं.

तालमीत मी ओरडलो होतो, "जोतीरावांचा शेवट बदलता? लाज वाटत नाही?" तेरा वर्षांची एक पोरगी शांतपणे म्हणाली, "दादा, तू मॅट्रिकनंतर का नाही गेलास?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या भोंग्यानंच मला गोदीत नेलं होतं. जोतीरावांनी रात्रशाळेचं दार उघडलं. ते दार आज कुठं अडतंय, तेवढं पोरांनी दाखवलं. हा जोतीरावांचा अपमान नाही, पुढचा प्रवेश आहे.

जे जे नवं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. डीजेच्या धडधडीत विचार बुडवून नाचणारेही आपल्यात आहेत. कसोटी एकच: जोशाची लूट लोकांना दिसली का? आमच्या वस्तीत दिसली.

आणखी एक ध्यानात ठेवा. ज्या १८५५ साली मोठ्यांचं नाटक नाकारलं गेलं, त्याच साली जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी पोर, पण धर्माला जाब विचारला तिनं. जोतीरावांनी तिची वही तपासून लाल रेघा मारत बसले असते तर?

तेव्हा दोस्तांनो, विहारातल्या कपाटाच्या किल्ल्या पोरांकडं द्या. ढोलक्या बाहेर काढा. फुल्यांना हार घालून झाला असेल तर त्यांचं नाटक पोरांच्या हाती द्या. त्यांना ते फोडू द्या, जोडू द्या, गाऊ द्या.

नाहीतर एक दक्षिणा कमिटी पुण्यात होतीच. दुसरी आपल्या वस्तीत नको.

जय भीम. जय जोती.