कोर्ट महाराष्ट्राचं, घर बेळगावचं



आपल्या सीमाभागात बऱ्याच घरांत एक समज पक्का बसलाय: आपण कर्नाटकात राहतो, पलीकडच्या कोर्टाचं समन्स आपल्याला लागू होत नाही. आमच्या घरातही होता. त्या समजापायी बाबांची माडी वाटणीत गेली, म्हणून हे लिहितोय.

आमचं घर बेळगावात, शेती चंदगड तालुक्यात. आजोबांच्या काळात दोन्ही एकाच जिल्ह्यात होतं. १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. घर एका राज्यात, शेत दुसऱ्या राज्यात.

१९९४ ला चुलत काकांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. शेत आणि घर, दोन्ही त्यात. रजिस्टर पाकीट आलं. बाबा पोस्टमनला म्हणाले, "ते महाराष्ट्राचं कोर्ट. आम्ही बेळगावात राहतोय. आम्हाला काय करतंय ते?" आई म्हणत होती, "अहो, वकिलांना एकदा दाखवा की." पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेलं.

पुढं एकतर्फी हुकूमनामा झाला. माडी बाबांनी स्वतःच्या पगारातून बांधलेली. विटा-लाकडाच्या पावत्या ट्रंकेत होत्या, पण कोर्टापुढं गेल्याच नाहीत. माडीसुद्धा एकत्र कुटुंबाची धरली गेली. निकाल रद्द करून घ्यायला धावलो, तर पाकीट नाकारणं म्हणजे समन्स बजावल्यासारखंच, असं ठरलं.

तेव्हा वकिलांनी जे सांगितलं, ते आधी कळायला हवं होतं. पैशाच्या किंवा कराराच्या दाव्यात प्रतिवादी कुठं राहतो, कुठं धंदा-नोकरी करतो, किंवा व्यवहार कुठं घडला ते बघतात. जमीन-घराच्या दाव्यात मिळकत कुठं आहे ते बघतात. आणि मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ प्रमाणे त्यातल्या कुठल्याही एका कोर्टात दावा लावता येतो. म्हणजे काकांचा दावा तिथं चालणारच होता. राज्याची सीमा आड येत नाही. समन्स दुसऱ्या राज्यातही बजावता येतं, आपण घरी नसलो तर घरातल्या सज्ञान माणसाकडं देता येतं, घ्यायचं नाकारलं तर बेलीफ दाराला चिकटवून जातो.

काहीजण म्हणतील, बेळगावच्या माणसानं तिकडं खेटे का घालायचे? त्रास आहे, मान्य. पण कोर्टाला अधिकार नाही असं वाटत असेल, तर ते त्याच कोर्टात जाऊन सांगायचं असतं, आणि सुरुवातीलाच. कलम २१ प्रमाणे जागेच्या हद्दीची हरकत वादमुद्दे निघायच्या आत घ्यावी लागते. नंतर अपिलात ती सहसा ऐकत नाहीत. हरकत घ्या, पण कैफियतही द्या. एकतर्फी निकाल लागलाच, तर रद्द करून मागायची मुदत फक्त ३० दिवसांची.

आपला सीमाप्रश्नच बघा. महाराष्ट्रानं २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा प्रश्न कोर्टाचा नाही, संसदेचा, अशी कर्नाटकाची हरकत. पण ती हरकत त्यांनी कोर्टात वकील उभे करून घेतली. पाकीट परत पाठवून घेतली नाही. सरकारला जे कळतं, ते आपल्याला कळायला काय हरकत आहे?

बाबांना शेवटपर्यंत वाटायचं, अन्याय झाला. झालाच. पण मला आता वाटतं, काकांनी जेवढा केला, तेवढाच त्या परत गेलेल्या पाकिटानं केला. पावत्या अजून ट्रंकेत आहेत.

म्हणून घरातल्या मोठ्यांना आणि पोरांना, दोघांनाही सांगून ठेवा: समन्स मराठीत येऊ दे, कन्नडमध्ये येऊ दे, सही करून घ्यायचं. भांडायचं ते तिथं जाऊन.

तुमच्या घरी असं काही घडलंय का? जरूर लिहा.