अकरा खाटांचे धैर्य
मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींना संधिवातामुळे प्रसूतिशास्त्र सोडावे लागले. बोटे कायमची वाकली. त्याच वाकड्या बोटांनी त्यांनी लाखावर नेत्रशस्त्रक्रिया केल्या. 1976 साली सरकारी सेवेतून निवृत्त होताच (स्वस्थ बसण्याचेच ते वय!) त्यांनी अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. ऐपतदारांच्या शुल्कातून गरिबांवर विनामूल्य उपचार, हा तेथील हिशेब. धर्मादाय म्हटले की गलथानपणा क्षम्य मानण्याची आपल्याकडे रीत आहे. तेथे मात्र शस्त्रवैद्य दोघांनाही तेच. परदेशी भिंगे गरिबांना परवडेनात, तेव्हा 1992 पासून ती मदुराईतच बनू लागली. डॉक्टर 2006 साली निवर्तले. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही 1976 चाच. त्याच्यामागे तर अवघे सरकार होते. तरीही देशातील अंधत्वाचे प्रमुख कारण आजही मोतीबिंदूच आहे.