पाच कोठारं, एक गाव

लाँग वीकएंडला विनिपेगहून सगळे बॅन्फला पळतात. मी गाठलं इंग्लिस! मॅनिटोबातलं इवलंसं शेतकरी गाव. ना मॉल, ना मल्टिप्लेक्स. नजर पोचेल तिथवर सपाट शेतं आणि रांगेत उभे पाच उंचच उंच लाकडी ग्रेन एलेव्हेटर. शेतकऱ्याचा गहू पट्ट्यावरच्या डब्यांतून वर चढायचा, मग मालगाडीत ओतला जायचा. १९३३ मध्ये कॅनडाच्या प्रेअरीवर असे साडेपाच हजारांहून जास्त होते. पुढे ट्रक मोठे झाले, रेल्वेचे फाटे बंद पडले, एलेव्हेटर पाडले गेले. मागोमाग दुकानं मिटली, पोरं शहरात गेली. इंग्लिसचे हे पाच मात्र वाचले, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. पण गाडी काही परत आली नाही. बॉस, तुमच्या गावची एसटी अजून येते ना? मग यंदा दिवाळीत तिनंच जा!