जॅक्सन हरले, पण नियम बदलून गेले

२००८ साली बराक ओबामा भाषणांच्या जोरावर निवडून आले, असे सर्रास म्हटले जाते. आम्हाला हे अर्धसत्य वाटते. हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क ही मोठी राज्ये जिंकली. पण डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. त्यामुळे तेथे हरूनही ओबामांना वाटा मिळाला आणि लहान राज्यांतून त्यांनी आघाडी घेतली. हा नियम सर्व राज्यांना बंधनकारक कोणी करविला? उमेदवारी न मिळालेल्या जेसी जॅक्सन यांनी! १९८४ मध्ये मतांच्या मानाने त्यांना प्रतिनिधी फारच कमी मिळाले होते. १९८८ मध्ये त्यांनी पक्षाकडून हा बदल मान्य करून घेतला. म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांनी उमेदवाराच्या चेहऱ्याआधी नियमावली वाचावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.