सल्ल्याला नव्वद टक्के, पण पुढचं काय?

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत तुमच्या काकांचं छोटं वर्कशॉप आहे. बारा कामगार, चार सीएनसी मशीन, हिशेब वहीत आणि ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. काका ज्या मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतात, ती एक दिवस सांगते, यापुढे प्रत्येक बॅचचा क्वालिटी डेटा डिजिटल हवा. काका तुमच्याकडे वळतात, "तू कॉम्प्युटरला आहेस ना? मग सांग, काय घ्यायचं?"

सेन्सर, क्लाउड, ईआरपी, एआय हे सगळे शब्द तुम्हाला पाठ असतात. पण या चार मशीनसाठी त्यातलं नेमकं काय लागेल आणि काय नुसता खर्च ठरेल, हे सांगता येत नाही. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस लगेच सांगतो, पण त्याला त्याचंच पॅकेज खपवायचं असतं.

छोट्या उद्योजकाचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. मोठ्या कंपनीकडे स्वतःचा आयटी विभाग असतो. काकांकडे तो नसतो आणि बाहेरच्या तज्ज्ञाची फी परवडत नाही. शिवाय सल्ला घेऊन होईपर्यंत तो किती कामाचा आहे हे कळत नाही, त्यामुळे खिशात हात घालायला कुणी तयार होत नाही. म्हणूनच काही देशांच्या सरकारांनी ठरवलं की मशीनसाठी नाही, तर आधी सल्ल्यासाठी अनुदान द्यायचं.

कॅनडाने काय केलं?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडाचं. कोविडमध्ये दुकानांची शटर खाली आली आणि ऑनलाइन नसलेल्यांचे हाल झाले. त्यानंतर २०२१च्या बजेटमध्ये तिथल्या सरकारने 'कॅनडा डिजिटल ॲडॉप्शन प्रोग्रॅम'साठी चार वर्षांत ४ अब्ज डॉलरची घोषणा केली. मार्च २०२२मध्ये योजना सुरू झाली.

अगदी लहान दुकानांना ऑनलाइन विक्री सुरू करायला २,४०० डॉलरपर्यंत मदत होती. त्यापेक्षा मोठ्यांसाठी, म्हणजे वर्षाला किमान ५ लाख डॉलरची उलाढाल असणाऱ्यांसाठी, तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी सल्ल्याची. डिजिटल सल्लागाराकडून आपल्या धंद्याचा आराखडा करून घ्यायचा आणि त्याच्या खर्चाचे ९० टक्के, कमाल १५ हजार डॉलर, सरकारने द्यायचे. दुसरी पायरी कर्जाची. आराखडा झाला की तो अमलात आणायला सरकारी बँकेकडून १ लाख डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज.

तिसरी पायरी आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात इंटरेस्टिंग आहे. आराखड्यावर काम करायला एखाद्या तरुणाला नोकरीवर घेतलं, तर त्याच्या पगारासाठी ७,३०० डॉलरपर्यंत मदत. म्हणजे सल्लागार रिपोर्ट देऊन निघून गेला, तरी तो रिपोर्ट वाचणारा आणि राबवणारा कुणीतरी दुकानात उरावा, हा विचार त्यात होता.

ब्रिटनने उलटा रस्ता धरला. जानेवारी २०२२मध्ये सुरू झालेल्या 'हेल्प टू ग्रो : डिजिटल' योजनेत ऑनलाइन सल्ला फुकट होता, पण अनुदान मिळायचं ते सॉफ्टवेअरच्या खरेदीवर. ठरवून दिलेल्या यादीतलं सॉफ्टवेअर निम्म्या किमतीत, ५ हजार पौंडांपर्यंत सूट. तीन वर्षांत १ लाख उद्योगांपर्यंत पोहोचायचं लक्ष्य होतं. प्रतिसाद इतका थंड होता की फेब्रुवारी २०२३मध्ये योजनेला टाळं लागलं. नुसतं डिस्काउंट कूपन हातात दिलं म्हणून धंदा डिजिटल होत नाही, एवढं तरी यातून कळतं.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे काहीच नाही, असं मुळीच नाही. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने मार्च २०२३मध्ये सुधारित 'लीन' योजना आणली. कारखान्यातली नासाडी कमी कशी करायची हे शिकवणाऱ्या सल्लागाराची फी धरून ९० टक्के खर्च सरकार उचलतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना आणखी ५ टक्के मिळतात. पुण्यात 'सी४आय४' ही लॅब आहे. अवजड उद्योग मंत्रालयाच्या 'समर्थ उद्योग' उपक्रमातलं हे केंद्र उद्योगांना 'इंडस्ट्री ४.०'कडे कसं वळायचं याचं मार्गदर्शन करतं.

आणि माणूस? तोही आहे. राज्याच्या २०२४च्या 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने'त पदवीधराला महिन्याला १० हजार आणि आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार रुपये विद्यावेतन सरकार देतं. खासगी आस्थापनेतही हे प्रशिक्षण घेता येतं.

म्हणजे सल्ला एका खिडकीवर, तरुण दुसऱ्या खिडकीवर. कॅनडाने या दोन गोष्टी एका दोरीत बांधल्या, आपल्याकडे ती गाठच मारलेली नाही. सल्लागार येतो, फाइल देतो, फोटो काढतो आणि जातो. प्रशिक्षणार्थी येतो, त्याला झेरॉक्स नि डेटा एंट्रीला बसवतात. दोघांची भेट झाली असती, तर काकांचं काम झालं असतं आणि त्या पोराच्या सीव्हीत एक खराखुरा प्रोजेक्ट आला असता.

९० टक्क्यांचा दुसरा चेहरा

अर्थात कॅनडाची योजना जशीच्या तशी उचला, असंही नाही. बिलाचा फक्त दहावा भाग आपल्या खिशातून जाणार असेल, तर घासाघीस कोण करणार? अशा ठिकाणी अनुदान बघून सल्लागार उगवतात, एकाच रिपोर्टवर नावं बदलून तो दहा जणांना देतात. आणि सरकार मोजतं काय, तर किती रिपोर्ट झाले. किती मशीनवर खरंच काही बदललं, हे मोजायला सहा महिन्यांनी पुन्हा जावं लागतं.

शिवाय अशी दारं कायम उघडी राहत नाहीत. कॅनडाने चार वर्षांचं बोलून सल्ल्याच्या अनुदानाचे नवे अर्ज फेब्रुवारी २०२४मध्येच बंद केले. जे 'बघू पुढच्या वर्षी' म्हणाले, ते राहिले.

त्यामुळे अशा कुठल्याही योजनेची बातमी वाचाल, तेव्हा रकमेच्या आधी तीन गोष्टी बघा. सल्ला देणारा स्वतः काही विकतोय का? सल्ल्यानंतर अंमलबजावणीसाठी पैसा आणि माणूस आहे का? आणि काही महिन्यांनी येऊन कुणी तपासणार आहे का?

कॉलेजच्या प्लेसमेंट सेललाही एक प्रश्न विचारता येईल. इंटर्नशिपसाठी आपण सगळे हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगांकडे बघतो. तिथून थोड्याच अंतरावर, भोसरीच्या शेडमध्ये, 'काय घ्यायचं ते सांग' म्हणणारे काका बसलेत. त्यांच्याकडे आपल्याला कोण पाठवणार?