आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या दारातील मारुती ८०० आता घरातील वडीलधाऱ्या मंडळींत जमा झाली आहे. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दांडिया बाजाराच्या गल्लीत ती सहज वळते, हाताएवढ्या जागेत मावते. म्हणून मुलांनी कितीही आग्रह केला तरी तिला निरोप देणे आमच्या जिवावर येते.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ही गाडी समा भागात लेकीच्या दाराशी पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, ब्रेक, बैठका सारे तपासून घेतले. स्टिअरिंगचा विचार मात्र मनाला शिवला नाही. दिवाळीनंतर डाव्या अंगाने खडखड ऐकू येऊ लागली. खडबडीत रस्त्यावर सावकाश जाताना कोणी डब्यातील सुटे पैसे हलवावेत तसा आवाज येई, आणि गाडी वळणावर वळली की तो नाहीसा होई. सौ. ने दोनदा सुचविले. आम्ही दोन्ही वेळा "जुनी गाडी आहे, वाजायचीच" असे म्हणून विषय संपविला.

दत्तजयंतीस आईला गरुडेश्वरी टेंबेस्वामींच्या समाधीदर्शनास न्यायचे होते. आईचे वय शहाऐंशी. तेव्हा कोठे आम्ही गाडी एका गॅरेजात नेली. तेथील कारागिराने गाडीखाली नीट न पाहताच रॅकचा स्क्रू आवळून दिला. आवाज थांबला. आम्ही समाधानाने निघालो, आणि काळा घोडा चौकात वळलो तो काय, चक्र सरळ परत येईना! हाताने ओढून आणावे लागले, तोवर शेजारचा स्कूटरस्वार अगदी दाराला घासून गेला. त्या क्षणी अंगावर आलेला काटा आजही आठवतो. खडखड गेली होती, परंतु तिच्या जागी तिच्याहून भयंकर असे काही येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी मकरपुऱ्याकडील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी कानच लावला. "काका, गाडी बोले छे, सांभळो," असे म्हणून त्यांनी आवळलेला स्क्रू प्रथम पूर्ववत केला. मग इंजिन बंद, चाके जमिनीवर, अशा स्थितीत मुलाला चक्र डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावयास सांगून स्वतः एकेका सांध्यावर हात ठेवीत गेले. हलविणारा एक आणि चाचपणारा दुसरा. यातच निदानाचे सारे मर्म आहे. ज्या सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा मागाहून हलतो, तेथे झीज. टाय रॉडची टोके घट्ट होती. रॅकच्या डाव्या टोकाचे रबरी बूट मात्र फाटलेले होते, आणि तेथे दांडा हाताने वर-खाली हलत होता.

आपल्याकडील गाडीत चक्र उजवीकडे, म्हणून दातेरी पिनियनचा आधार रॅकला उजव्या बाजूस मिळतो. डाव्या टोकास तो दांडा केवळ एका लहानशा बुशात सरकतो. स्वतः झिजावे आणि दोन लोखंडांना एकमेकांवर आपटू देऊ नये, एवढाच त्या बुशाचा धर्म. बूट फाटले, पुराचे पाणी व गाळ आत गेला, ग्रीस धुऊन गेले आणि बुश खलास झाला. वळताना दांडा एका अंगास दाबला जाई, म्हणून आवाज थांबे. स्क्रू आवळल्याने पिनियनजवळ दांडा आखडला. दुसऱ्या टोकाची झीज मात्र तशीच राहिली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ती हीच!

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची झाली. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवून डावा टाय रॉड सोडविला. तत्पूर्वी नटाच्या जागी खडूची खूण केली. जुना बुश काढून आतील भाग स्वच्छ केला, नवा बुश ग्रीस लावून बसविला, बूट, लॉक वॉशर आणि कॉटर पिनही नवी घातली. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. आम्ही मनात संपूर्ण रॅकची किंमत धरून गेलो होतो. खर्च तिच्या मानाने किरकोळ झाला.

ज्या नगरीत १८९० साली कलाभवन स्थापन होऊन हाताच्या विद्येला मान मिळाला, तेथील वाचकांस हे निराळे सांगणे नको. तरीही आमच्या चुकीतून चार शब्द सांगतो. उभ्या गाडीचे चक्र बोटाने हलवून पाहावे; चाक न हलता ते सुमारे ३० मिलिमीटरहून अधिक फिरले तर तपासणी करावी. पावसाळ्यानंतर रबरी बुटे पाहून घ्यावीत. वळणानंतर चक्र आपोआप परत येत नसेल तर गाडी पुढे नेऊच नये. आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्यातील ढिलाई आपल्या हाताला दाखविण्याची मिस्त्रींना विनंती करावी. खऱ्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

दत्तजयंती हुकली. आठ दिवसांनी आम्ही डभोईच्या वाटेने गरुडेश्वरी गेलो. आई वाटेत शांत झोपली होती. सौ. मात्र जागी होती, आणि कान देऊन ऐकत होती. या खेपेस आम्ही तिला विचारले, "काही ऐकू येते का?"