शाळांचे अनुदान : आधी उपवास, मग वर्षासन

२०२५ सालच्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, राज्यातील अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक मुंबईस आझाद मैदानावर धरणे धरून बसले. त्यांचे मागणे नवे नव्हते. अनुदानाचा पुढील वीस टक्क्यांचा टप्पा देण्याचा निर्णय सरकारने आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच काढला होता. त्यासाठी लागणाऱ्या पैशाची तरतूद मात्र झाली नव्हती. आंदोलनानंतर सरकारने तरतुदीचे वचन दिले व शिक्षक आपापल्या गावी परतले. असो. एका टप्प्याचा प्रश्न असा मिटला. परंतु ज्या पद्धतीमुळे शिक्षकांस दर टप्प्याला मैदान गाठावे लागते, ती पद्धत कायम आहे. तिच्याविषयी निदान नाशिककरांनी तरी स्वस्थ बसू नये असे आम्हांस वाटते.

याचे कारण उघड आहे. या जिल्ह्यातील शिक्षणाचा विस्तार मुख्यत्वे लोकांच्या संस्थांनी केला. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज निघाला आणि रावसाहेब थोरात, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे यांच्यासारख्यांच्या श्रमाने शेतकऱ्यांची मुले शाळेत आली. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली येथे महाविद्यालय उघडले. दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळाच्या द्वारे सुरगाणा-पेठेच्या डोंगरांत आदिवासी मुलांसाठी शाळा काढल्या. यांपैकी कोणाजवळही कुबेराची थैली नव्हती. लोकांनी वर्गणी द्यावी, कार्यकर्त्यांनी देह झिजवावा आणि सरकारने अनुदानाने उणे भरून काढावे, अशी ही तिघांची भागीदारी होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने या देशात अनुदानाची जी रीत घातली, तिचे मर्मही हेच होते : व्यवस्था स्थानिक लोकांची, साहाय्य सरकारचे आणि तपासणी सक्तीची.

ही भागीदारी कोणी व कशी मोडली? २००१ साली राज्य सरकारने ठरविले की, यापुढे नव्या शाळांस परवानगी मिळेल ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द गाळण्यात आला. मग मूल्यांकनाचे निकष ठरले, तपासण्या झाल्या, याद्या निघाल्या, याद्यांतील चुका निघाल्या. आणि २०१६ साली पहिले वीस टक्के अनुदान जाहीर झाले. शब्द गाळण्यापासून पैका मिळेपर्यंत सात वर्षे लोटली! ज्या शिक्षकाने पंचविशीत खडू हाती घेतला, त्याच्या डोक्यावरचे केस पांढरे होऊ लागले तरी तो पुऱ्या पगाराचा धनी झाला नाही. सकाळी शाळेत शिकवून सायंकाळी दुसऱ्याच्या शेतावर अगर दुकानात राबणारे शिक्षक या महाराष्ट्रात निर्माण झाले, ही गोष्ट आम्हांस लज्जास्पद वाटते. पुढे २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने तर नवी खासगी शाळा काढावयाची ती स्वखर्चानेच, असे ठरून गेले.

यावर कोणी म्हणेल की, तिजोरी काही अक्षय नाही. ज्यास हौस असेल त्याने आपल्या पैशाने शाळा काढावी. हे बोलणे वरकरणी शहाणपणाचे दिसते. परंतु त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. ज्याच्यापाशी भांडवल आहे तोच शाळा काढणार आणि जेथे फी देणारे पालक आहेत तेथेच काढणार. नाशिक शहरातील गंगापूर रस्त्यास शाळांची वाण पडणार नाही. पण सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरील मुलीने आठवीनंतर कोठे जावे? तेथे फी देणारा पालक नाही, म्हणून शाळा काढणाराही नाही. म्हणजे मुलांच्या गरजेने व्हावयाची निवड आज थैलीच्या वजनाने होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार केली होती की, सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि त्यातून होणारा शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पदरी पडतो. आज राज्य आपले आहे. तक्रार मात्र जुनीच आहे.

अमेरिकेतील 'चार्टर' शाळांचा दाखला येथे विचारात घेण्यासारखा आहे. मिनेसोटा संस्थानाने १९९१ साली प्रथम हा कायदा केला. अशी शाळा खासगी मंडळी चालवितात, फी घेत नाहीत आणि खर्च सरकार देते. शाळा उघडण्यासाठी व वाढविण्यासाठी मध्यवर्ती सरकार आरंभीच्या काळात अनुदान देते. पण शाळेचा करार काही ठरावीक वर्षांचा असतो आणि मुदतीअंती काम पाहून तो वाढवितात अगर रद्द करितात. ही पद्धत निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पैसे घेऊन दार न उघडलेल्या किंवा लौकरच बंद पडलेल्या शाळाही तेथे निघाल्या आहेत. तथापि तेथील क्रम पाहावा : आरंभी साहाय्य, मग परीक्षा. आमचा क्रम नेमका उलटा! शाळा जन्मली की तिला उपवास. ती कशीबशी जगली तर टप्प्याटप्प्याने वर्षासन. आणि एकदा वर्षासन पुरते लागले की त्या शाळेत मूल वाचावयास शिकते की नाही, याची कोणी खडसून पुसतपासही करीत नाही.

येथे संस्थाचालकांनाही चार शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. २०११ साली राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा लाखो मुले केवळ कागदावर आढळली. २०२५ साली नागपुरात बनावट शालार्थ क्रमांकांवर वेतन काढल्याच्या आरोपाचा पोलीस तपास सुरू झाला. नोकरीसाठी शिक्षकाकडून 'देणगी' घेण्याची आणि जागा आप्तांत वाटण्याची चाल तर गावोगाव ठाऊक आहे. ज्यांनी लोकांच्या वर्गणीवर शाळा उभारल्या त्यांचे वारस अनुदानास वतन समजू लागले, तर सरकारने हात आखडता घेण्यास निमित्त मिळणारच. मात्र चोरी झाली म्हणून कोठारच बंद करणे हा न्याय नव्हे. त्यात उपाशी राहतो तो चोर नव्हे, मूल.

यास्तव आमची सूचना अशी. जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन, जेथे माध्यमिक शाळा पायी पोहोचण्याच्या अंतरावर नाही, ती गावे सरकारने स्वतः जाहीर करावी. तेथे जिल्हा परिषदेने शाळा काढावी. तिला ते जमत नसेल तर चांगल्या संस्थेस पाचारण करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन-अनुदान द्यावे, पण ते पाच वर्षांच्या कराराने. मुलींची गळती, शिक्षकांची हजेरी आणि मुलांचे वाचन व गणित यांची तपासणी होऊन तिचा अहवाल शाळेच्या दारावर लागावा. निव्वळ परीक्षेच्या निकालावर पैसे देण्याचा प्रयोग मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात होऊन गेला आहे. त्यातून घोकंपट्टीच फोफावली, ती चूक पुन्हा नको. आणि जुन्या रांगेत उभ्या असलेल्या शाळांना एकदाच काय ते स्पष्ट सांगावे : पात्र असतील त्यांस तारीख व तरतूद, अपात्र असतील त्यांस नकार, आणि नकार मिळालेल्या शाळेतील मुलांची व शिक्षकांची सोय दुसरीकडे लावावी.

नकार कडू असतो, पण तो पचतो. वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवलेले वचन माणसाची उमेद खाते, आणि उमेद गेलेला शिक्षक वर्गात मुलांना काय देणार? हा प्रश्न सरकारने अर्थसंकल्पाच्या आधी स्वतःस विचारावा, आणि तो सरकारला विचारावयास नाशिकच्या लोकप्रतिनिधींनी शिक्षक पुन्हा मैदानावर बसण्याची वाट पाहू नये.